तुपाचा घास

बेटावरून,
३० ऑगस्ट

ती. सुलेखाताईस,
चंद्रहासचा शि. सा. न. वि. वि.

तोक्योहून बोटीने पुरता एक दिवस लागला. मला बोट लागली नाही, तेव्हा पैज तू हरलीस. बँकेने पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेली महिन्याची रजा मी कबुतरांवर उधळतो आहे, असं तू भावोजींना म्हणालीस म्हणे. दुरुस्ती करतो. ही तुमच्या कोबेच्या स्टेशनातली कबुतरं नव्हेत. काळ्या अंगाचं, तांबड्या डोक्याचं हे रानकबुतर या बेटांखेरीज कुठे नाही. जमिनीवर चरतं, जमिनीवरच अंडं घालतं, आणि मांजर काय चीज आहे हे त्याच्या पूर्वजांना ठाऊक नसल्यामुळे वेळेवर पळतही नाही.

माणसांनी आणलेली मांजरं रानात गेली. ती जिवंत पकडायची, बोटीने तोक्योला पाठवायची आणि त्यांना घरं शोधून द्यायची, हे मी स्वयंसेवक म्हणून आलो आहे त्या पथकाचं काम. आमच्या डोंगरावर आता एकच बोका उरला आहे. पिंजऱ्यातल्या तळलेल्या मासळीकडे तो ढुंकूनही पाहत नाही. गेल्या वर्षीची सगळी पिल्लं त्याने खाल्ली. यंदा कबुतरं अंड्यांवर बसण्याआधी तो सापडलाच पाहिजे.

बाहेरचं बी रानात जाऊ नये म्हणून आत शिरताना बुटांचे तळ ब्रशने घासायचे. खाण्याचा कणही बाहेर ठेवायचा नाही. वासाने उंदीर येतात आणि त्यांच्या मागे बोका. काल एका प्राध्यापकांना मी बूट पुन्हा घासायला लावले. आमच्या प्रमुख किकुची-सान मला सेन्सेई म्हणाल्या, म्हणजे गुरुजी. पक्ष्यांचं सगळं मी कॉलेजात न जाता पुस्तकांतून शिकलो, हेही मी त्यांना सांगितलं. त्यांच्या म्हणण्यात थट्टा असावी असं मला वाटत नाही.

फोनला रेंज नाही, तेव्हा पत्रच टाक. लोभ पुढच्या बोटीने पाठवावा.

तुझा,
चंद्रहास

---

कोबे,
५ सप्टेंबर

चि. चंद्रहास यास अनेक आशीर्वाद.

थट्टाच होती. भावोजींनाही वाचून दाखवलं, त्यांचंही तेच मत पडलं.

सोबत तूरडाळ आणि घरी कढवलेल्या तुपाची बाटली पाठवते आहे. सोळा तारखेला अण्णांची तिथी. मी इथे करीनच, पण मुलगा तू. वरणभाताचा घास बाहेर ठेव. बेटावर कावळे नाहीत असं तू लिहिणार, ते मला आत्ताच ऐकू येतं आहे. अण्णांना कुठलाही पक्षी चालेल. मात्र तूप विसरू नकोस. तुपाशिवायचा भात त्यांनी जन्मात खाल्ला नाही, आता काय खातील?

उन्हात टोपी घाल. आहेस तसाच आमचा राहा, थोडा कमी चुका काढ.

ताई

---

बेटावरून,
२७ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तुपाने मला रानाबाहेर काढलं.

सोळाला सकाळी वरणभात केला. खोलीच्या दारात ठेवावा, तर तिथे पथकाची चपला-बुटांची रांग. अण्णांचं पान चपलांत कसं ठेवायचं? म्हणून रानाच्या वाटेवर स्वच्छ दगड शोधला. बूट घासूनच आत गेलो होतो, याची नोंद घे. घास ठेवला, हात जोडले आणि सवयीने काव काव केलं. बोक्यासाठी झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात ते सगळं आलं. संध्याकाळी पडद्यावर आख्ख्या पथकाने पाहिलं. कावळ्याला हाक मारतात हे मी समजावून सांगितलं, तेव्हा बेटावर कावळे नाहीत हे मला त्या प्राध्यापकांनी समजावून सांगितलं.

किकुची-सान हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, सेन्सेईंनी आता फाटकाशी बसून लोकांचे बूट तपासावेत. बेटावर आलो ते पक्षी पाहायला, आणि पाहत बसलो बुटांचे तळ.

पण चित्रफीत पुढेही होती. मी गेल्यावर तो बोका आला. घास खाल्ला, दगड चाटला आणि आणखी असेल म्हणून तिथेच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी किकुची-सान स्वतः माझ्याकडे आल्या आणि तुपाची बाटली उरली आहे का, असं त्यांनी विचारलं. पिंजऱ्यात मासळीऐवजी वरणभात गेला. अठराला बोका आत.

मला परत रानात घेतलं. काल कबुतरांची जोडी माझ्यासमोरून वाट ओलांडून चालत गेली, घाई न करता. वेळ टिपायची राहून गेली.

बोक्याला घर हवं आहे. अर्जात तुझा पत्ता दिला. खाणं त्याला तुझ्याच हातचं आवडतं, हे तू नाकारू शकत नाहीस. राग दोन दिवसांत आवरावा, ही विनंती.

चंद्रहास

---

कोबे,
९ नोव्हेंबर

चि. चंद्रहास यास आशीर्वाद.

राग चार दिवस ठेवला होता. तोक्योतल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी पुष्कळ माणसाळवून तुझा बोका पाठवला. भावोजींची खुर्ची त्याने घेतली, आता ते स्टुलावर बसून पेपर वाचतात. बाल्कनीचं दार मी बंद ठेवते. तिथे येतात ती स्टेशनातलीच कबुतरं, पण त्यांनाही तुझाच नियम.

मासळी त्याला नको. भातावर तूप कमी पडलं तर ताटलीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि तोंड फिरवून बसतो. हे बघणं तुलाही माहीत आहे.

नाव अजून ठेवलेलं नाही. काल ताटली मांडून हाक मारताना माझ्या तोंडून अण्णा निघून गेलं. तो लगेच आला.

ताई