तीन भोंगे

मिलवाडी, ता. इंदापूर
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ती. मनिषाताईस,
ऋषिराजचा वाकून नमस्कार. दाजींना, सासूबाईंना नमस्कार आणि छकुलीला पापा. तिचा ताप उतरला असेल. आई-दादा बरे आहेत. म्हैस व्यायली, रेडा झाला.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, म्हणून हे पत्र दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती देतोय. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

रविवारी तुझे दीर रणजितराव आपल्या गावात आप्पासाहेबांच्या संस्कृतीला बघायला आले आणि कार्यक्रम मोडला. तुझ्या सासरी जे सांगतायत त्यातलं निम्मं खोटं आहे. मी कुणाला शिवी दिलेली नाही.

त्यांना आपल्या गावाची रीत कळायची नाही. गोऱ्या साहेबानं साखरेची मिल काढली आणि तिच्याभोवती गाव मांडलं. वर बंगले, मग कारकुनांची बाबू लाइन, आणि धुराच्या तोंडाला आपली बॉयलर लाइन. साहेब गेला, मिल माझ्या जन्माआधी बंद पडली, पण लाइनी जागच्या जागी. आपल्यातल्या पोरानं बाबू लाइनीतून गाडी जोरात नेली तरी दादांकडं तक्रार येते. भोंगाही तसाच. ग्रामपंचायतीनं तो विजेवर घेतलाय, कारण तो वाजल्याशिवाय गावाच्या घशाखाली चहा उतरत नाही. एक म्हणजे पाळी सुरू, दोन म्हणजे सुटली. तीन म्हणजे आग, हातातलं टाकून ज्यानं त्यानं गेटावर हजर व्हायचं.

भोंग्याचं बटण सध्या माझ्याकडं असतं. जूनपासून मी कॉलेजला जात नाही. सरांशी भांडण झालं. चूक त्यांची होती. बरीचशी. घरात सगळ्यांना माहीत आहे, तुला सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.

तर रविवारी आप्पासाहेबांच्या घरी पोहे आले आणि मी तीन भोंगे दिले.

आप्पा मिलचे टाइमकीपर, बाबू लाइनीतले. बशी होणाऱ्या जावयाच्या, म्हणजे रणजितरावांच्या, मांडीवर ठेवून पळाले. दत्तोबा अर्ध्या गालाला साबण लावून आला, तानूबाई कळशी घेऊन. बघता बघता अख्खं म्हातारं गाव बंद मिलच्या गेटावर रांगेत, आणि आप्पा हजेरी घेतायत! जे वारले त्यांचीही नावं पुकारली.

मागून तुझ्या सासूबाई आल्या. "आवो, पोरगी बघायला बोलावलंय का कवायतीला?"

"तुमी भायेरच्या. बाजूला थांबा," आप्पा म्हणाले.

पाहुणे तिथूनच गाडीत बसले.

मग आप्पांनी विचारलं, "आग कुठं हाय?"

"आप्पा, हितं," म्हणत मी छातीवर हात ठेवला.

दत्तोबा ओरडला, "बॉयलर लाइनीचंच बेणं! ह्याची वाफ काढा रं कुणीतरी!"

सगळे हसले. आप्पा नाही हसले.

आता तुला कळलंच असेल. जास्त लिहीत नाही, तू मोठी बहीण आहेस.

मला वाटलं, संस्कृती खूश होईल. काल ती दळण घेऊन गिरणीत भेटली. म्हणाली, "मी रणजितरावांना न्हायच म्हणणार हुते. तुला कुणी सांगितला हा उपद्व्याप? आप्पांची मान खाली गेली. आता माफी मागायला मला घिऊन बारामतीला निघाल्यात. पाव्हण्यांनी माफ केलं तर त्याच घरात दिणार म्हणत्यात. तवा न्हाय कुठल्या तोंडानं म्हणू?"

"मग मी..."

"तुलाबी न्हायच म्हणणार हुते. आधी इचारायचं तर!"

शुक्रवारी ते दोघं तुझ्या दारात येतील. ताई, पाया पडतो, त्यांना माफ करू देऊ नकोस. सासूबाई एरवी आमटीत मीठ कमी पडलं तरी वर्षभर धरून ठेवतात. नेमकं याच वेळी मन मोठं करतील, अशी भीती वाटते. आप्पांनी हात जोडले की तू हळूच 'बाजूला थांबा'ची आठवण काढ.

माझ्यावरचा राग राहू दे, त्याला मी काही म्हणत नाही. संस्कृतीनं मला हो म्हटलेलं नाही, म्हणेल असं दिसतही नाही. पण तिचं 'न्हाय' मी तिच्या तोंडातून काढून घेतलं. तेवढं तिचं तिला परत मिळू दे. मग ते ती मलाच म्हणाली तरी चालेल.

चालणार नाही. पण चालवून घेईन.

सगळ्या गावाच्या शिव्या खाऊन बसलेला,
तुझाच धाकटा
ऋषिराज