चालू लिफ्ट कशाला उघडता?

ती. दादा,
साष्टांग नमस्कार. वाकता येतंय, म्हणजे मी ठणठणीत आहे. कालपासून कामावरही जातोय.

लिफ्ट नीट चालत असली तरी आम्ही दर तीन महिन्यांनी ती बंद करून तपासतो. लोक कुरकुरतात, "चालू लिफ्ट कशाला उघडता?" डॉक्टरीणबाईंनी पन्नाशीनंतर आतडं तपासून घ्या म्हटलं, तेव्हा मीही तेच म्हणालो, "सगळं चालू आहे, कशाला उघडता?" त्या राहतात माझ्याच एका लिफ्टच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर. म्हणाल्या, "आणि मला जिने चढायला लावता तेव्हा?" गेलो मुकाट्याने.

दुर्बिणीतून मटाराएवढी गाठ दिसली. कधी दुखली नव्हती की खुपली नव्हती. तिथल्या तिथे काढली. कॅन्सर नव्हता, पण राहिली असती तर पुढे होऊ शकला असता. आता ठरल्या वेळी पुन्हा तपासणी.

वहिनीचे गुडघे कसे आहेत?

बाबांनी दोन वर्षं मूळव्याध म्हणत दुखणं अंगावर काढलं, आणि शेवटी निघाला कॅन्सर. परवा फोनवर तूही तोच शब्द हसत हसत काढलास. सख्ख्या भावानेही तपासून घ्यायलाच हवं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

हे पत्र तू वहिनीला दाखवणार नाहीस, ठाऊक आहे. म्हणून तिला वेगळं लिहिलंय. तुझ्या तपासणीची वेळ तीच घेणार आहे.

तुझाच,
धाकटा