खिशातला फ्यूज

आबा, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येईल. तुमचं तरी कुठं मोत्यासारखं होतं म्हणा! तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. गाड्यांच्या वायरिंगचं आपलं दुकान धुळ्यात तिथंच आहे, तुमचा लाकडी बाकही तिथंच आहे, आणि दुपारची गिऱ्हाइकं नाहीत म्हणून त्याच बाकावर बसून लिहितोय. कागद जावयाच्या गाडीत बसवलेल्या ॲम्प्लिफायरच्या खोक्यातला. माहितीपुस्तकाची मागची पानं कोरी निघाली. काल दुपारपासून कुणाला तरी सांगायचंय, आणि बायकोसमोर तोंड उघडत नाही. मला भीती वाटतेय, आबा. पन्नाशी उलटली तरी असं घाबरायला होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

नरडाण्याच्या कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा मी तिशीत होतो, पदरात वर्षाची मुलगी होती. तुमच्याकडे आलो तर तुम्ही ना शिक्षण विचारलंत, ना गाव. नुसतं म्हणालात, "हात दखाड." हात बघितलेत आणि त्या हातात जाड लाल वायर दिलीत. गाडीची वीज तुम्ही मला विहिरीवरून समजावलीत. बॅटरी म्हणजे विहीर, इंजिनाबरोबर फिरणारा अल्टरनेटर म्हणजे तिचा झरा. "जितला झरा शे तितलंच पानी उपस, भो." मोठ्या आवाजाच्या हौशी गिऱ्हाइकाला तुम्ही हेच सांगायचात. गाण्याचा ठोका पडला की हेडलाइट मिणमिणतात, म्हणजे विहिरीने तळ दाखवला. आणि सगळ्यात वरचा नियम फ्यूजचा. बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज, त्याच्या पुढं मग वायर कितीही लांब जाऊ दे. काम चालू असेपर्यंत तो फ्यूज तुमच्या खाकी शर्टाच्या खिशात. सगळे नट आवळले, वायर पत्र्यातून जाते तिथं रबराची रिंग बसवली, सगळ्या वायरीवरून हात फिरवला, की मग खिशातून फ्यूज निघायचा. पहिल्या दिवाळीला तुम्ही मला शर्टाचं कापड दिलंत, वर बजावलंत, "दोन खिसा शिवजो. एक फ्यूजना, एक तुन्हा." तो शर्ट केव्हाच विरला. पण अजूनही शर्ट शिवतो तो दोन खिशांचाच, आणि शिंपी दर वेळी हसतो.

आता कालचं सांगतो. धोंड्याचा महिना चाललाय. मुलगी-जावई चाळीसगावहून आले, कडेवर सात महिन्यांचा नातू. जावयाला वाण काय द्यावं या विचारात मी होतो, तर जावईबापूंनीच गाडीची डिकी उघडली. आत हा एवढा ॲम्प्लिफायर, हा एवढा स्पीकरचा डबा! म्हणाले, "मामा, फिटिंग तुमच्या हातचं पाहिजे. आवाज छातीत बसला पाहिजे." मी म्हटलं, बापू, छोट्या गाडीचा झरा छोटा, हे धूड शंभरच्या वर अँपिअर मागतं. ते नुसते हसले. जावयाला धोंड्याच्या महिन्यात नाही कोण म्हणतं? मी म्हटलं, ठीक आहे, हेच माझं वाण. सकाळी आठला दारातच बॉनेट उघडलं. बॅटरी मोठी टाकली, अल्टरनेटरची वायर बदलून जाड केली, डिकीपर्यंतची मोठी वायर मागच्या सीटखालून, गालिच्याच्या आतून नेली. एवढा भार पेलणारा चांगला पत्तीचा फ्यूज आणून तुमच्या पद्धतीने खिशात टाकला. इथपर्यंत तुम्ही सुद्धा नाव ठेवलं नसतं.

बापूंना दम नव्हता. ॲम्प्लिफायरबरोबर आलेला हलका फ्यूज त्यांनी स्वतःच बसवला, गाणं लावलं, आणि पहिल्याच ठोक्याला तो उडाला. मी खिशाकडे हात नेणार, तेवढ्यात बायको ओट्यावरून ओरडली, "अहो, मांडे उतरले! गार झाले की चिवट होतील, मग म्हणाल सासूला येत नाही!" खापरावरचा मांडा आणि आमरस, आणि पंगतीत जावयाला एकटं बसवायचं, हे कसं दिसतं? बापू म्हणाले, "मामा, एकच गाणं ऐकवा, मग जेवू." नव्या फ्यूजच्या जागी मी तांब्याची पट्टी ठेवली आणि दोन्ही स्क्रू आवळले. एका गाण्यापुरती. चांगला फ्यूज चाचणीत कशाला घालवायचा, म्हणून. आवाज असा आला की शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बापू खूश. मी हात धुतले आणि पाटावर बसलो.

जेवण झालं, विडा झाला, बायकोने मुलीची ओटी भरली. दोन वाजता ते निघाले. मुलगी बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसली, बरोब्बर त्या वायरीच्या वर. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी गाणं ऐकू येत होतं. मी कौतुकाने बघत होतो, मूर्ख! बाळाचं टोपडं अंगणात पडलं होतं, ते उचलायला वाकलो आणि छातीला काहीतरी टोचलं. खिशात हात घातला. फ्यूज.

आबा! फ्यूज इथं आणि गाणं तिथं, म्हणजे पट्टी तशीच राहिली. वायर कुठं पत्र्याला घासली, तर बॅटरीतलं सगळंच्या सगळं त्या वायरीतून धावणार आणि मध्ये अडवणारं कुणी नाही. वायर लालबुंद होणार, गालिचा पेटणार, आणि वर माझं लेकरू, त्याच्या मांडीवर त्याचं लेकरू. रबराची रिंग बसवली होती का? बसवली होती. नक्की? आठवेना. बापूंना फोन लावला, वाजतोय, उचलत नाहीत. मुलीला लावला, तोही वाजतोय. कसे ऐकतील, आवाज छातीत बसवून दिलाय ना मी! बायको विचारतेय, "काय झालं हो, असे पांढरे का पडलात?" मी मोटारसायकल काढली.

चाळीसगावचा रस्ता मी डोळे मिटून सांगू शकतो, पण काल मला तो दिसतच नव्हता. मेचं ऊन, समोरून ट्रक, आणि मी दर वळणावर आधी आभाळाकडे बघतोय, कुठं धूर दिसतो का. एका ठिकाणी काळा धूर दिसला आणि मी करकचून ब्रेक दाबला. शेताच्या बांधावर कुणी कचरा पेटवला होता. तिथून पुढं मी देवाचं नाव घेत नव्हतो, आबा. तुमचंच घेत होतो. आबा, थांबवा. आबा, थांबवा.

गिरणेच्या पुलाआधी रसवंतीपाशी गाडी उभी दिसली. बाळाने आवाजाला घाबरून रडून रडून आकांत मांडला, म्हणून मुलीने नवऱ्याला गाणं बंद करायला लावलं होतं. बाळ तिच्या खांद्यावर उचक्या देत होतं. "आप्पा? तुम्ही? काय झालं?" मी बॉनेट उघडलं, पट्टी सोडवली आणि वायरीवरून हात फिरवत पत्र्यापर्यंत गेलो. रिंग होती, पण घाईत बसवलेली, निसटून खाली आली होती. पत्र्याच्या कडेने वायरीचं लाल आवरण खरवडलं होतं आणि नखाएवढ्या जागेतून तांबं चमकत होतं. कडेला ते अजून टेकलं नव्हतं, एवढंच. मी तिथंच रस्त्यावर उकिडवा बसलो. बापू हसले, "मामा, एखादा नट सैल राहिला म्हणून एवढ्या उन्हात? फोनवर सांगायचं ना!" मी म्हणालो, "हो, नटच सैल राहिला होता." वायर बॅटरीपासून सोडून ठेवली, सांगितलं रविवारी आणा, नवीन टाकून देतो. मुलीने माझ्या हातात उसाचा रस दिला. अर्धा शर्टावर सांडला.

आणि आबा, तिथं मला दोंडाईच्याची ती जीप आठवली. सवारी गाडी, मोठा टेप, ड्रायव्हर घाईत. तुम्ही चहाला गेला होतात आणि फ्यूज तुमच्या खिशात होता. दुसऱ्या दिवशी जीप परत आली, वायर जळालेली, सीट काळी पडलेली. नशीब, माणसं आधीच उतरली होती. तुम्ही पट्टी काढून विचारलंत, "हाई पट्टी कोनी लावी?" मी म्हणालो, "शेवटी तुम्हीच हात घातला होता, आबा." तुम्ही खिसा चाचपलात. फ्यूज निघाला. सगळ्यांसमोर तुम्ही ड्रायव्हरला हात जोडलेत, "मनी चूक व्हयनी, भो." त्या दिवसानंतर मोठ्या वायरीला तुम्ही हात लावला नाहीत. "आते माले याद नही ऱ्हात," म्हणायचात आणि बाहेर या बाकावर बसून राहायचात. गेलात तेही आपलं डोकं चालत नाही असं समजूनच.

तुमचं डोकं नीट चालत होतं, आबा. ती पट्टी मी लावली होती.

रविवारी ते येतील. मुलीला खरं सांगायचंय, पट्टी तिच्यासमोर ठेवून. पट्टी एका खिशात आहे आणि फ्यूज दुसऱ्यात. पण सांगेनच, असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. तुम्हाला आधी सांगून पाहिलं, कारण तुम्ही आता मला काही विचारणार नाही.