मास्तरांची शेवटची धार

मंगळवार, ४ मार्च

मास्तर गेले. पोस्टमनचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये एका कवळीचे दात घासत होते. "झोपेतच," म्हणाला. "बरं," म्हटलं आणि उरलेले दात घासून पूर्ण केले. कवळीवाली बाई संध्याकाळी न्यायला येणार होती, तिला काय सांगणार?

बुधवार, ५ मार्च

जाऊन आले. घरामागच्या शेडला कुलूप. ते कुलूप मी याआधी कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी फक्त शनिवारी शिकायला जायची आणि शनिवारी शेड सताड उघडी असायची. लाकूड कातायची तिन्ही लेथ मशीनं चालू, भुसा केसात, आणि मास्तर या मशीनवरून त्या मशीनवर.

काकू पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "दमलेली दिसतेस. जेवलीस का?" नवरा गेलाय यांचा आणि जेवणाचं मला विचारतायत. मला रडू आलं ते तेव्हाच.

रविवार, ९ मार्च

झोप लागते, दगडासारखी. पण उठल्यावर थकवा जिथल्या तिथे.

आज जेवताना टेबल डुगडुगलं. हे टेबलच घेऊन मी मास्तरांकडे पहिल्यांदा गेले होते. चार पाय नवे करून हवे होते. त्यांनी तीन कातून दिले आणि चौथ्याचं लाकूड मशीनवर चढवून गोल पटाशी माझ्या हातात दिली. "तीन माझे, एक तुझा." म्हटलं, मला येत नाही. म्हणाले, "मलाही येत नव्हतं." तो पाय अजून जाडा आहे. पाहुणे विचारतात, नवरा सांगतो, "तो आमच्या हिचा." पैसे घेतले ते तीनच पायांचे.

त्यानंतर किती शनिवार गेले. फी कधी घेतली नाही कुणाकडून. चांगलं लाकूड हाती लागलं की ते फिरवून फिरवून बघायचे आणि कुणाच्या तरी हातात कोंबायचे — "हे तुझं आहे, घेऊन जा." माझा एक वाडगा मशीनवरून सुटला आणि थेट खिडकीच्या काचेतून बाहेर. मी पांढरीफटक. ते म्हणाले, "बरं झालं, वारा येईल."

असा माणूस परत भेटायचा नाही. बस. आज एवढंच लिहवतंय.

शनिवार, १५ मार्च

शनिवारवाले बेकरीत जमलो. म्हणजे बेकरीवाल्याच्याच मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांवर. पोस्टमन, वकीलबाई, बेकरीवाला, मी. बाकीचे हळूहळू गळतील असं दिसतंय.

पोस्टमन — रिटायर होऊन जमाना झाला पण अजून उभ्या उभ्याच बोलतो — म्हणाला, "एक कबूल करतो. माझी एक पटाशी मी वापरतच नाही. मास्तरांनी शेवटची धार लावलीय तिला. वापरली की धार जाणार." वकीलबाई म्हणाल्या, त्यांचीही एक आहे, कोर्टाच्या बॅगेत ठेवतात. बेकरीवाल्याची गल्ल्यात! मी मिठाची गुळणी धरून बसले होते. माझी कपाटात आहे, नवऱ्याच्या जुन्या मोज्यात गुंडाळून.

आमच्यातल्या एकालाही धार लावता येत नाही, हे त्याच वेळी उघडं पडलं. पूर्वी मास्तर सगळ्यांसमोर लावायचे. हात थरथरायला लागला तेव्हापासून म्हणायचे, "हत्यार ठेवून जा, गर्दीत धार लागत नाही." पुढच्या शनिवारी हत्यार तयार. केस कापेल असं. आम्हाला काय, आयतं मिळत होतं.

मग पोस्टमनची कल्पना — काचेचं कपाट करायचं, शेडच्या भिंतीवर लावायचं, चौघांच्या पटाश्या त्यात. वर पाटी : मास्तरांची शेवटची धार. बेकरीवाला लगेच काच बघतो म्हणाला.

आणि शनिवार कोण चालवणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तूच त्यांची लाडकी." लाडकी म्हणे! काम अंगावर टाकायचं असलं की माणूस लाडका होतो. दिवसभर उभं राहून परत शनिवारी उभं राहायचं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

गुरुवार, २० मार्च

पाय सुजलेत. नवरा म्हणाला, "सोड ना ते लाकूड." सोडेन.

शनिवार, २२ मार्च

काकूंकडून किल्ली घेऊन शेड उघडली. नुसता फज्जा. एकाचंही हत्यार चालेना. लाकूड कापलं जात नव्हतं, उपटलं जात होतं. वकीलबाईंची डबी कुत्र्यानं चावल्यासारखी झाली. पोस्टमन पॉलिश पेपर घासघासून घामाघूम. मग सगळे पुन्हा माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी धार लावायचा ग्राइंडर सुरू केला. मास्तर धरायचे तशीच पटाशी धरली होती. निदान मला तसं वाटलं. ठिणग्या छान उडत होत्या. थांबवून बघते तर टोक निळं! पोलाद जळलं की निळं पडतं आणि मग त्याला धार राहत नाही, एवढं मला माहीत आहे. बेकरीवाला म्हणाला, "रंग छान आलाय." खरंच कौतुकानं म्हणाला बिचारा.

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी निळ्या टोकाकडे पाहिलं. जाताना एवढंच सांगितलं की मुलगा मागे लागलाय, पुढच्या महिन्यापासून शेड गोदामाला भाड्यानं द्यायची म्हणतो. पोस्टमन म्हणाला, काही दिवस थांबायला सांगा. काकू म्हणाल्या, "कशासाठी थांबू? तुमचं चाललेलं दिसत नाही."

खरंच आहे. येताना ठरवलं, मंगळवारी जाऊन सांगायचं — द्या भाड्यानं. माझ्याच्यानं होणार नाही. मास्तरांनी सगळं दिलं आणि मी एक शेड चालवू शकत नाही याची लाज वाटते. पण लाजेनं पाय दुखायचे थांबत नाहीत.

मंगळवार, २५ मार्च

लॅब सुटल्यावर गेले. काकूंना सांगायचं ते मनात जुळवत होते. त्या म्हणाल्या, "आधी ती निळी पटाशी दे इकडे."

शेडमध्ये गेल्या. चष्मा लावला, पदर खोचला, ग्राइंडर सुरू केला. आणि पटाशी चाकाला अशी लावली की मी तिथंच स्टुलावर बसले. दांडा कमरेला टेकवलेला, मनगट नुसतं वळतंय. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. निळं सगळं गेलं. मग चाकावरून नजर न काढता म्हणाल्या, "ठिणगी खालून पडते तोवर धारेपर्यंत पोचली नाहीस. धारेवरून सांडायला लागली की पोचलीस. तिथं थांबायचं. तू थांबलीच नाहीस."

मी विचारलं, "काकू, तुम्ही कधीपासून?"

"यांचा हात गेला तेव्हापासून. सहा-सात वर्षं झाली. हे शेजारी बसून सांगायचे. नंतर नंतर सांगायचंही बंद झालं. झोपायचे."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"लोक त्यांच्या धारेसाठी यायचे, पोरी. माझ्या नाही." पटाशी पुसून माझ्या हातात दिली. "बोट लावून बघू नकोस, कापेल."

भाड्याचं बोलायचं राहूनच गेलं.

घरी येऊन कपाटातला मोजा काढला. पटाशी बाहेर काढून बराच वेळ बघत बसले. या धारेला हात लावून मी रडलेय. हसावं की काय करावं कळेना. मास्तरांचं वाईट वाटलं. थरथरता हात चौघांपुढे आणायची लाज वाटली असेल. आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही काय केलं असतं? काही नाही. चहा प्यालो असतो.

बुधवार, २६ मार्च

कुणालाही सांगितलं नाही. ज्यांचं आहे त्यांनीच सांगावं.

शनिवार, ५ एप्रिल

आज कपाट लावलं. बेकरीवाल्यानं आतून लाल मखमल लावलीय, केक ठेवायला असते तशी. माझी धरून चारही पटाश्या ओळीनं आत गेल्या. मी माझी ठेवली, कारण न ठेवण्याचं कारण सांगायला लागलं असतं आणि मला तेवढी ताकद नव्हती. पोस्टमन उभा राहिला. आधीच उभा होता, पण अजून ताठ झाला. मास्तरांच्या हातातली जादू वगैरे. वकीलबाई डोळे पुसत होत्या. तो म्हणाला, "अशी धार आता होणे नाही."

काकू ट्रे घेऊन दारात होत्या. त्या हसल्या. आधी थोडं, मग आवरेना. कप वाजायला लागले तेव्हा ट्रे लेथवर ठेवला. पोस्टमनला वाटलं त्यांना दुःखानं काहीतरी होतंय. त्यानं खुर्ची पुढे केली.

काकूंनी डोळे पुसले आणि कपाटाकडे बोट केलं. "ती तिसरी, बेकरीवाल्याची — ती काढ आधी बाहेर. त्या दिवशी पाहुणे आले होते, घाईत लावली मी. डाव्या कडेला चुकलीय. तशी भिंतीवर नको."

बेकरीवाल्यानं तिसरी पटाशी काढली, उजेडात धरली. "चुकलीय खरी," म्हणाला. वकीलबाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही लावलीत? आणि बाकीच्या?"

"बाकीच्या बऱ्या लागल्यात."

पोस्टमन मात्र बसला. मी त्याला बसलेला पहिल्यांदाच पाहिला. मला त्याची इतकी कीव आली की मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळानं त्यानं खिशातून रुमालात बांधलेली एक बोथट पटाशी काढली आणि काकूंपुढे धरली.

"मी नाही लावून देणार," काकू म्हणाल्या. "यांनी दिली लावून, मीही दिली, म्हणून तर तुम्ही असे राहिलात. चाकाशी उभा राहा. मी शेजारी आहे."

अंधार पडेपर्यंत सगळे ग्राइंडरपाशी रांगेत. वकीलबाईंनी दोनदा निळी केली. मी एकदा. काकूंनी कुणाचं कौतुक केलं नाही. जाताना म्हणाल्या, शेड द्यायची नाही असं मुलाला कळवलंय. खूप दमले. पण हे दमणं बरं आहे.

शनिवार, १२ एप्रिल

सगळे गेल्यावर काकू शेड झाडत होत्या. लेथपाशी थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे कसं चालवतात? मला शिकवशील?"

मला वाटलं चेष्टा करतायत. म्हटलं, मास्तरांनी तुम्हाला कधी—?

"नाही. आलं नसेल मनात."

लाकूड चढवून दिलं. त्यांची पहिली वाटी तळाला फुटली. त्या फुटक्या वाटीत बोट घालून बराच वेळ बघत होत्या.

येताना मास्तरांचा फार राग आला. पहिल्यांदाच. "दार उघडंय, येईल त्याला शिकवीन," असं सगळ्या गावाला सांगायचे. काकू दर शनिवारी त्या दारातून आत येत होत्या. चहा घेऊन.