मुन्शीचे उलटे श्वास

डोणगाव, १९ ऑक्टोबर १९६४, सोमवार
सकाळी मुन्शीला शेताकडे फिरवून आणले. अंगणात आल्यावर कुत्रे एकाएकी थिजले. मान लांब, पुढचे पाय फाकवलेले, डोळे बाहेर, आणि नाकाने हवा आत-आत ओढणे. खर्रर्र, खर्रर्र. शिंक उलटी फिरवली तर जसा आवाज होईल तसा. घड्याळात एक मिनिट. मग थांबले, आणि त्याने शेपूट हलवून भाकरी मागितली.
मी घाबरलो नाही. फक्त ओट्यावर बसलो.
बायकोचे, सत्यभामेचे म्हणणे, मेहकरला गुरांच्या दवाखान्यात नेऊ. बायकांना लगेच डॉक्टर आठवतो. प्रश्न सायंटिफिक पद्धतीने सोडवला पाहिजे. उद्यापासून ऑब्झर्वेशन.

२० ऑक्टोबर
तीन ॲटॅक. ७.१०, ८.०५, ८.४०. तिसऱ्यानंतर नाकातून पाणी. फक्त उजव्या नाकपुडीतून. नोंद केली.
कारण सापडले: शेजारच्या गोजरबाईंचे मिरची कांडणे. भिंतीला भिंत आहे. जाऊन कडक समज दिली. त्या म्हणाल्या, मास्तर, मिरच्या अजून वाळून राह्यल्या, कांडल्या कुठं? वर म्हणाल्या, कुत्र्याले दिठ लागली असंल, मीठ-मोहऱ्या ओवाळा.
सब-पोस्टमास्तराने मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या! हसलो.

२१ ऑक्टोबर
ओवाळल्या. मोहऱ्यांच्या धुराने पाच ॲटॅक.

२२ ऑक्टोबर, गुरुवार
आज मुन्शी माझ्यामागे पोस्टात आला आणि दारातच सुरू झाला. पोस्टमन कारभारी पिशवी भरत होता. तो दोन पावले मागे सरला. म्हणाला, मास्तर, हा पिसाळून तं नाही राह्यला? मागच्या साली पेठेत एक पिसाळला होता, लोकायनं काठ्या घेतल्या अन्... त्याने पिशवीचे तोंड बांधले. मग म्हणाला, त्यानं ज्याले चाटलं, त्यालेबी बुलढाण्याले चौदा इंजेक्शनं. बेंबीभोवती.
मी धूळ गेली म्हणून सांगितले. कुठे बोलू नको म्हणालो.
दुपारी आठवले. मंगळवारी पार्सलची सुतळी कापताना बोट चिरले होते. ते मुन्शीने चाटले होते. पूर्ण.

२३ ऑक्टोबर
पिसाळलेले कुत्रे पाणी पीत नाही. मुन्शीपुढे पाणी ठेवले. प्याला.
मीही एक तांब्या प्यालो. गिळता आले. दर तासाला खात्री करायचे ठरवले. चौथ्या तांब्याला सत्यभामेने विचारले, एवढं पानी काऊन पिऊन राह्यले? ऑक्टोबर हीट म्हणालो.
मुन्शीला मागच्या खोलीत बांधले. लोकांना दिसू नये म्हणून नव्हे. त्याला रेस्ट हवी.

२५ ऑक्टोबर, रविवार
ॲटॅक नऊ. उजव्या पायाने नाक सारखे घासतो. खाणे कमी. मुलगी शालू सासरी गेल्यापासून घरात आवाज असतो तो याचाच. आज भुंकला नाही.
पक्के ठरले. उद्या नऊच्या एसटीने मेहकर. काहीही झाले तरी.

२६ ऑक्टोबर
सोमवारी टपाल जास्त असते. रजेचा अर्ज लिहिला. अक्षर बरोबर आले नाही म्हणून फाडला. शिवाय तो डॉक्टर बैलांचा. त्याला कुत्र्यातले काय कळणार? आणि पाहताक्षणी ‘पिसाळले’ म्हणाला तर तिथल्या तिथे...
गुरुवारी नक्की.

२८ ऑक्टोबर, सकाळ
नाकातून रक्त. दोन थेंब, फरशीवर. मग मोठा ॲटॅक. जीभ निळी दिसली. सत्यभामेने त्याला मांडीत घेतले, तळहाताने नाकपुड्या क्षणभर झाकल्या, गळ्यावरून हात फिरवला. त्याने आवंढा गिळला. श्वास सुटला, म्हणे.
मी त्या वेळी मदत आणायला बाहेर गेलो होतो. जाताना दार वाऱ्याने लागले. बाहेरची कडीही वाऱ्यानेच.
आतून तिने तीन हाका मारल्या. मग मी उघडली.

२९ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळ १०
सत्यभामेने एकदाच विचारले, येता का नाही? मी म्हणालो, पोस्ट बंद ठेवता येत नाही, सरकारी जबाबदारी आहे. ती उठली. मुन्शीला जुन्या गोधडीत गुंडाळून स्टँडवर गेली. कंडक्टरने कुत्रे घेतले नाही. गावातल्या उकंडरावांची दमणी मेहकरच्या बाजारपेठेत निघाली होती. तिने बैलगाडी थांबवली आणि चढून बसली. हे सगळे मी खिडकीतून पाहिले. एक प्रकारे बरेच झाले. बायकांनी सेल्फ-रिलायंट व्हायला हवे.

दुपार ३
कारभारी म्हणतो, मास्तर, शिक्क्यावर कालची तारीख लागून राह्यली. सकाळपासूनची सगळी पत्रे कालची झाली.
गाडी वाजली की उठतो. आतापर्यंत अकरा गाड्या.

५.४०
आली नाही. गोधडी रिकामी घेऊन उतरली तर काय बोलायचे? वाक्य ठरवून ठेवत होतो. एकही जमले नाही. रोज या वेळी मुन्शी माझा जोडा ओढत दाराशी नेऊन ठेवतो. आज जोडा जागीच.

६.१५
दोघे आले. मुन्शी दमणीतून स्वतः उडी मारून उतरला. मी पोस्टाच्या मागे जाऊन तोंड धुतले.

३० ऑक्टोबर
सत्यभामेने कागदाची पुडी उघडली. आत कुसळ. शेतातल्या वाळल्या गवताचे, नखाएवढे, टोकदार. उजव्या नाकपुडीत रुतले होते. दवाखान्यातल्या दोघांनी मुन्शीला धरले, डॉक्टरने बॅटरी लावून चिमट्याने ओढले. आणखी चार दिवस गेले असते तर आत पिकले असते, म्हणाला. तिने पिसाळण्याचे विचारले तेव्हा तो हसला म्हणे. कुसळ निघाल्याबरोबर मुन्शीने त्याचाच हात चाटला होता.
दवाखान्याचा कागद पाहिला. मालकाचे नाव: सत्यभामाबाई. मी म्हणालो, हे दुरुस्त करून घ्यावे लागेल. ती म्हणाली, डॉक्टरनं विचारलं कुत्रं कोनाचं, तं तिथं मीच होती.
रागावलेली नव्हती. भाकरी थापत होती. मग विचारले, लई भेव वाटलं का तुमाले?
मी हो म्हणालो. हळू.
संध्याकाळी फिरायला निघताना मुन्शीला हाक मारली. त्याने कान टवकारले, पण उठला नाही. आधी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, जाय.
तेव्हा आला.