तेरा ओळींचं कोलम

वेस्ट मांबलम, चेन्नई
८ जुलै २०२४

ती. विद्याअक्कास, धाकट्या राममूर्तीचा सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र अजून दुरुस्त झालं नाही असं कळलं. फोनवर ओरडून अर्ध्या गल्लीला घरची बातमी देण्यापेक्षा पत्र बरं. शिवाय अक्षर बघ. एकही वेलांटी हललेली नाही.

हेमलता गेल्यापासून, घरात मी आणि लेक कीर्तना दोघंच उरल्यापासून माझ्या हातांना जो कंप सुरू झाला तो तुला ठाऊक आहेच. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात सुटे भाग तपासणाऱ्या माणसाच्या हातात मापयंत्रच ठरेना, म्हणून मी रजेवर आहे. अण्णा नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गोळ्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे रोज ठरल्या वेळी हातांनी काहीतरी घडवायचं. कुणाला दाखवायला नाही, स्वतःला सांभाळायला. आणि एकही दिवस चुकवायचा नाही.

मी दारात तांदळाच्या पिठाने ठिपक्यांचं कोलम घालायला घेतलं, बायका रोज पहाटे रांगोळी घालतात तसं. हसून घे. शेजारच्या महालक्ष्मी मामी हसल्याच. म्हणाल्या, मार्गळी महिन्यात आमच्याही दाराशी या, कॉफी देईन. पण कुणाकडून शिकलो नाही. आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले आणि रेघेचे नियम स्वतः शोधले. हेमलताची वही कपाटात आहे. ती उघडलेली नाही. उत्तरं बघून गणित सोडवण्यात मला रस नाही.

आज ऐंशीवा दिवस. कॉफी आता बशीत सांडत नाही. फक्त तेरा ओळींचं, प्रत्येक ओळीत तेरा ठिपक्यांचं, एका न तुटणाऱ्या रेघेचं कोलम अजून साधत नाही.

एक किरकोळ गोष्ट. चाळिसाव्या दिवसापासून पहाटे साडेपाचला दार उघडतो तर दारापुढची फरशी झाडलेली, वर पाणी शिंपडलेलं असतं. कीर्तनाला विचारलं, तर म्हणाली की अप्पा, मी आठच्या आधी उठले तर तुम्हीच डॉक्टरांना बोलवाल. फाटकाला कुलूप, किल्ली माझ्या जानव्याला. तपास चालू आहे.

माया आहे तेवढीच असू दे, वाढवलीस तर हरकत नाही.
तुझा
राममूर्ती


तंजावूर
१८ जुलै २०२४

चि. राममूर्तीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. हात ठरले हे वाचून देवापुढे दिवा लावला. मग हसले, खोटं कशाला सांगू?

पण तू जे लिहिलं नाहीस ते मी लिहिते. एका पोंगलला तू हेमलताच्या कोलमवर पोलादी पट्टी ठेवलीस, आणि सगळ्या मामींसमोर सांगितलंस की डावी बाजू अर्धं बोट खाली आहे. तिने मला कळवलं होतं. त्यानंतर ती तू उठायच्या आत कोलम घालून मोकळी व्हायची. पंधरा वर्षं रे! इतक्या वर्षांत तू तिला एकदाही कोलम घालताना पाहिलं नाहीस. आणि आता विचारतोस, फरशी कोण झाडतं.

एक सप्टेंबरला तिचं श्राद्ध आहे. त्या सकाळी कोलम घालू नकोस. कार्य होईपर्यंत दारापुढची जागा मोकळी ठेवायची, ही आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. गेलेलं माणूस घातलेलं कोलम ओलांडून आत येत नाही.

वेळेवर जेव. पोरीवर डाफरू नकोस.
तुझी
अक्का


वेस्ट मांबलम
२ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास सा. न.

अर्धं बोट नव्हे. सहा मिलिमीटर.

तपासाचं कळवतो. फाटकापासून दारापर्यंत मी कोरडं पीठ चाळणीने पसरलं. पहाटे दाराजवळची दोन हात जागा झाडलेली आणि ओली होती. भोवतीचं पीठ जसंच्या तसं. पाऊल नाही, मांजराचंसुद्धा नाही. झाडूचे फराटे डावखुऱ्या हाताचे आहेत. कीर्तना उजव्या हाताची, मी उजव्या हाताचा. आपल्या घरात डावखुरं कोण होतं ते तू जाणतेस. मी नोंद केली आहे, अर्थ लावलेला नाही.

श्राद्धाचं मात्र कठीण आहे. गेल्या आठवड्यात तापामुळे कोलम दुपारी घातलं, तर तोवर हात असे उडत होते की शर्टाची बटणं कीर्तनाने लावली. बापाची बटणं लेकीने लावायची, हे मला पुन्हा नको. हे कोलम हेच माझं औषध आहे, अक्का. एक दिवस थांबलो आणि कंप परत आला, तर मी काय करू?

रागावलीस तरी पत्र धाड.
राममूर्ती


तंजावूर
१४ ऑगस्ट २०२४

चि. राममूर्तीस आशीर्वाद.

बायकोच्या चुकीचे मिलिमीटर पंधरा वर्षं जपलेस! शाबास.

थरथरत्या हाताने दिलेला पिंडही पोचतो. एक सकाळ हात उडू दे. ती रोज दारापर्यंत येते आहे असं तुझंच पत्र म्हणतं, मी नाही. तिला एक दिवस आत येऊ दे.

अक्का


वेस्ट मांबलम
५ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास, राममूर्तीचा दंडवत.

तुझं ऐकलं. एकतारखेला पिठाच्या डब्याला हात लावला नाही. स्नान करून साडेपाचला दार उघडलं.

दारापुढे कोलम होतं. तेरा ओळींचं, माझ्याच्याने कधी न झालेलं. पांढरंशुभ्र, अजून ओलसर.

आठला नारायणस्वामी गुरुजी आले आणि फाटकातच थबकले. म्हणाले की हे पुसल्याशिवाय मी आत येणार नाही, आणि जिच्यासाठी आलो तीही येणार नाही. कीर्तना शपथेवर सांगत होती की तिने घातलेलं नाही. नंतर रडत म्हणाली, अम्माला यायचं नाही म्हणून तिनेच वाट बंद केली असेल. माझ्याही मनात तेच आलं होतं. माझे हात कोपरापासून उडत होते.

सवयीने ठिपके मोजले. एकशे एकोणसत्तर हवेत, एकशे अडुसष्ट भरले. पुन्हा मोजले, तेवढेच.

बादली ओतली असती तर क्षणाचं काम होतं. मी ओलं फडकं बोटाला गुंडाळलं, गुडघ्यांवर बसलो आणि रेघेवरूनच पुसत निघालो, बोट न उचलता. कुठे वळायचं ते रेघ सांगत होती. ज्या वळणावर मी रोज अडकायचो तिथे ती ठिपक्याच्या उलट बाजूने जाते. मला हे कधी सुचलं नसतं. गुरुजी दोनदा खाकरले. अर्ध्यावर आलो तेव्हा ध्यानात आलं की हातांचा कंप थांबला आहे.

मग रेघ उंबऱ्यावर चढली. मला वाटलं तिथे संपेल. ती उंबरा ओलांडून आत उतरली आणि पायपुसण्याखाली गेली. दार रात्रभर आतून बंद होतं, अक्का. कडी मीच काढली होती.

पायपुसणं उचललं. खाली एकशे एकोणसत्तरावा ठिपका होता, रेघ त्याच्याभोवती फिरून मिटलेली. त्या ठिकाणी पीठ किंचित जाड होतं. रेघ सुरू करताना चिमूट जिथे पहिल्यांदा सुटते तिथे ते तसं होतं, रोज माझंही होतं. म्हणजे रेघ आतून निघाली होती. बाहेरून कुणी आत यायचं राहिलं नव्हतं.

तेवढा एक ठिपका मी पुसला नाही. पायपुसणं त्याच्यावर सरळ ठेवलं, बाहेर येऊन गुरुजींना पाय धुवायला पाणी दिलं आणि सांगितलं की वाट मोकळी आहे, या.

अजून कुणाला बोललेलो नाही, कीर्तनालाही नाही. तूही पत्र वाचून झाल्यावर ठेवून दे. आशीर्वाद पाठवशील तेव्हा आम्हा तिघांना पाठव.

तुझा
राममूर्ती