सुरतेचे निळे झबले

कळसाडी, ता. शहादा

रा. रा. हेमकांतभाई यांस मोतीलालचा रामराम. तुमचा गुडघा सुरतेच्या हवेत बरा असेल असे धरून चालतो. फोनवर बोलायची सोय नाही, कारण घरातला फोन तुमच्या बहिणीच्या, रुक्मिणीबाईंच्या, ताब्यात असतो.

नातीसाठी, काजलसाठी, पाठवलेले झबले मिळाले. बाळ तापले की निळे कापड गुलाबी होते, एवढेच तुम्ही कळवले. आणखी कशाकशाने होते, ते कळवायचे राहिले. आमच्याकडे अंघोळीनंतर लेकराला ओव्याची धुरी देतात (तुम्हालाही दिली असणार, पण डोक्यापर्यंत पोहोचली नसावी). रुक्मिणीबाईंनी झबले निखाऱ्यांवर शेकून पोरीला घातले. गुलाबी! मी मोटारसायकल काढून शहाद्याला डॉक्टर गाठला, तोवर झबले निळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुरी, पुन्हा शहादा. (धुरी बंद करा म्हटले, तर बाईंनी झबलेच बंद करायला सांगितले.) तिसऱ्यांदा ते उन्हात वाळलेले निघाले. डॉक्टर आता मला पाहून नुसते हसतात.

सोमवारी तर कहर झाला. ना धुरी, ना ऊन, तरी झबले पुढून गुलाबी आणि पाठीकडे निळे. अर्धेच पोर तापलेले मी साठ वर्षांत पाहिले नव्हते. रुक्मिणीबाई काजलला तशीच छातीशी धरून मागे बसल्या, पुन्हा शहादा. डॉक्टरांनी पोरीला तपासले, ताप नाही. मग थर्मामीटर तुमच्या बहिणीला लावला. एकशे तीन! चार दिवसांपासून अंगात ताप, आणि त्यातच बाई कापूस वेचून आलेल्या. वर मलाच म्हणतात, "माले काय बी नही व्हयनं, तुम्ही पोरले देखा." मला संताप आला आणि, खोटे कशाला बोलू, औषधाची चिठ्ठी मी डॉक्टरांकडून दोनदा वाचून घेतली. एका घरात राहून मला कळले नाही, ते वीतभर कापडाला कळले.

आता ताप उतरला आहे. असल्या वस्तू पुन्हा पाठवू नका. झबले परत करतो आहे.

आपला,
मोतीलाल

ता. क. झबले परत करत नाही.

आणखी एक. यंदा भाऊबीजेला बहिणीला साडी नको, याच कापडाची चोळी शिवून आणा. मापाला जुनी चोळी सोबत आहे (चोरून घेतली आहे). कापड कसले, ते तिला सांगू नका. मी रोज बघत जाईन.